एड्विनचा घसा आणि मॉरिसचे हात

आमच्या नोव्हाय गावात, म्हणजे अमेरिकेतल्या डेट्रॉइटजवळ, कुणाकडे जेवायला गेले की पानं वाढायच्या आधी मला दोन-तीन घसे बघावे लागतात. "तुम्ही आलाच आहात तर" असं म्हणत यजमान दिव्याखाली उभे राहतात आणि आ करतात. मी निवृत्त होऊन बराच काळ लोटला, हे त्यांना माहीत असतं. हृदयाच्या डॉक्टरला कुणी पंगतीत शर्टाची बटणं काढून दाखवत नाही, पण घसा म्हणजे सार्वजनिक मालमत्ता. मीही बघते. बहुतेक वेळा तिखट आणि बडबड, एवढंच निदान असतं.

मी मूळची मिरजेची. तिथं डॉक्टर झाले, लग्न करून मिशिगनला आले. नवरा मोटारींच्या ब्रेकचा इंजिनिअर आणि मी कान-नाक-घशाची डॉक्टर. पुढं कान आणि नाक सहकाऱ्यांनी वाटून घेतले आणि माझ्याकडे घसा उरला, त्यातही फक्त आवाज. माहेरी हे सांगितलं तेव्हा माझी मावशी म्हणाली, "म्हणजे खोकल्याची डॉक्टर?" मी हो म्हटलं आणि विषय संपवला.

आवाज म्हणजे घशातल्या दोन इवल्या पट्ट्या, अंगठ्याच्या नखाएवढ्या. आपण बोलतो तेव्हा त्या एकमेकींवर आपटतात, सेकंदाला शेकडो वेळा. निरोगी असल्या तर ओल्या खोबऱ्यासारख्या पांढऱ्या दिसतात. इतकी जलद हालचाल डोळ्यांना दिसत नाही, म्हणून आम्ही एक लुकलुकणारा दिवा वापरतो. त्याच्या उजेडात ती हालचाल संथ झाल्यासारखी दिसते आणि पट्ट्यांचा चांगुलपणा-वाईटपणा पडद्यावर कळतो. त्यासाठी पेशंटची जीभ कापडी पट्टीत धरून बाहेर ओढायची, घशापर्यंत नळी न्यायची आणि म्हणायचं, "ई म्हणा." माझी सगळी हयात लोकांना ई म्हणायला लावण्यात गेली.

माझ्याकडे जुन्या मोटारींचा लिलाव पुकारणारा एक गृहस्थ यायचा. प्रवचनकार यायचे, कारखान्यात यंत्रांच्या वरताण ओरडून घसा बसलेले मुकादम यायचे. शाळेतल्या शिक्षिका तर रांगेनं. एकदा आमच्या मंडळातले एक काका आले. दिवाळीच्या कार्यक्रमात नाट्यगीत म्हणायचं होतं आणि आवाज फुटत नव्हता. मी त्यांना महिनाभर मौन सांगितलं. काका तणतणत बाहेर गेले आणि काकू मागं राहून हळूच म्हणाल्या, "डॉक्टर, दोन महिने नाही का करता येणार?"

गावोगाव दौरे करणारे गायक हा मात्र वेगळाच प्रकार. डेट्रॉइटला कार्यक्रम असला आणि घसा बसला की त्यांच्या मॅनेजरचा मला फोन यायचा. त्यांना डॉक्टरकडून एकच गोष्ट हवी असते, आज संध्याकाळी गाता आलं पाहिजे. आणि त्यातल्या काहींना "आज गायचं नाही" असं सांगणं हे माझं काम. ते मला चांगलं जमतं असा माझा समज होता. एड्विन येईपर्यंत.

एड्विन हे त्याचं खरं नाव नाही. मॉरिसचंही नाही. त्यांच्या बँडचं नाव मी सांगणार नाही आणि ज्यांना ओळखू येईल त्यांनीही कृपा करून गप्प राहावं.

ही २००४ सालची गोष्ट. शरद संपत आलेला, झाडं अर्धीअधिक उघडी पडलेली. सकाळी दवाखान्यात पोचते तर शलाका दारातच उभी. शलाका ही आमची आवाजाची थेरपिस्ट. बोलावं कसं, श्वास कुठून घ्यावा, हे ती पेशंटना शिकवायची. नागपूरची मुलगी, व्हिसावर आलेली. पेशंटसमोर मला मॅडम म्हणायची आणि पेशंट गेला की मावशी.

"मावशी, कोण येऊन राहिलंय माहीत आहे का?" तिनं नाव सांगितलं. मी कोऱ्या चेहऱ्यानं बघत राहिले.

"अहो, केवढा मोठा सिंगर आहे! माझ्या दादाच्या होस्टेलवर यांच्या कॅसेट घासून घासून खराब झाल्या होत्या. आर्ट रॉक म्हणतात त्याला."

"म्हणजे काय?"

"रॉकच, पण यांना लोकांना नुसतं नाचवायचं नसतं. एकेक गाणं रेकॉर्डची अख्खी साइड चालतं. मधेच चर्चचा ऑर्गन, मधेच पोएट्री. हा तर स्टेजवर कपाटाचं दार घालून यायचा."

"दार घालून?"

"कॉश्च्यूम, मावशी! तोंडाला अर्धा पांढरा रंग, गळ्यात दार आणि दार उघडलं की आतून गाणं. लोक वेडे व्हायचे बापा."

मी म्हटलं, बरं, त्या दाराच्या आतला घसा बघू या.

तो आला. साठीला टेकलेला, उंच, कानटोपी आणि गळ्याभोवती मफलरचे वेढे. बरोबर त्याची मॅनेजर ग्वेन, एक ठेंगणी, चटपटीत वेल्श बाई. एड्विननं अदबीनं मान लववली आणि कुजबुजत्या आवाजात "गुड मॉर्निंग" म्हटलं.

शलाकानं आणि मी एकमेकींकडे बघितलं.

"कधीपासून असं कुजबुजून बोलताय?" मी विचारलं.

"क्लीव्हलंडपासून," ग्वेन म्हणाली. "चार दिवस झाले. आवाज वाचवायला. रात्री कार्यक्रमात तेवढा गातो, एरवी मोठ्यानं एक शब्द नाही."

ही चूक फक्त गायकच करू जाणे. तुमचा-आमचा घसा बसला तर आपण गप्प बसतो, नाहीतर तसेच घोगरे बोलतो. गायकाला वाटतं, कुजबुजलं की आवाज शिल्लक राहतो. प्रत्यक्षात कुजबुजताना त्या पट्ट्या आवळलेल्या राहतात, त्यांच्यावरून कोरडी हवा घासत जाते आणि घसा बोलण्यापेक्षा जास्त शिणतो. चार दिवस त्यानं आवाज वाचवायच्या नावाखाली घसा सोलून काढला होता. पुढं विचारल्यावर आणखी कळलं. दुखणं जाणवू नये म्हणून गाण्याआधी तो घसा बधिर करणारा फवारा मारत होता. आणि स्टेजवर उड्या मारून मारून गुडघे गेलेले, म्हणून रोज अ‍ॅस्पिरिन. त्यानं रक्त पातळ होतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

शलाकानं त्याच्या हातात पाटी दिली. लहान मुलांची असते तशी पांढरी पाटी आणि तिचं पेन आम्ही नेहमी ठेवायचो. "आतापासून कुजबुजही बंद," ती म्हणाली. त्यानं पाटीवर लिहिलं, "शाळेत परत आल्यासारखं वाटतंय," आणि हसला. फार गोड हसायचा.

मी जीभ धरली, नळी आत घातली. पडद्यावर चित्र उमटलं आणि शलाकाच्या तोंडून "अरे देवा" निसटलं. मराठीत निसटलं म्हणून बरं. उजवी पट्टी सुजलेली होती. डावी डाळिंबाच्या दाण्यासारखी लालभडक. आतली नस फुटून रक्त पसरलं होतं.

अशा वेळी पूर्ण मौन पाळलं तर रक्त आपोआप जिरतं आणि पट्टी पूर्वीसारखी होते. पण त्या अवस्थेत कुणी दोन तास गळा फाडून गायला, तर तिथं व्रण धरतो. व्रण धरलेली पट्टी लवचिक राहत नाही. वरचे सूर जातात, मग मधले जातात, आणि ते परत आणायचं औषध माझ्याकडे नव्हतं, कुणाकडेच नव्हतं. मी हे सगळं त्याला पडद्यावर बोट ठेवून समजावलं.

"ठीक आहे," ग्वेन म्हणाली. "इंजेक्शन द्या. शिकागोला मागं एकदा दिलं होतं, झक्क गायला."

स्टेरॉइडचं इंजेक्शन ही आमच्या धंद्यातली मोहिनी आहे. सूज उतरते, आवाज मऊसूत होतो आणि गायकाला वाटतं आपण बरे झालो. नुसती सूज असेल तर मीही द्यायची. पण इथं रक्त होतं. इंजेक्शननं तो बिनधास्त गायला असता आणि त्याच बिनधास्तपणानं त्याचा आवाज कायमचा गेला असता.

"नाही," मी म्हटलं. "आज गायचं नाही. पुढचे काही आठवडेही नाही."

एड्विननं पाटीवर लिहिलं, "फक्त आज." मी मान हलवली. त्यानं ते पुसलं आणि एकच शब्द लिहिला, "मॉरिस."

मॉरिस कोण ते ग्वेननं सांगितलं. बँडचा कीबोर्डवाला, आमच्या भाषेत पेटीवाला. एड्विन कोळशाच्या खाणीच्या गावातला, चर्चमध्ये गाणारा पोरगा. चित्रकला शिकायला शहरात गेला, तिथं कॉलेजच्या तळघरात एक मोडका पियानो होता आणि त्या पियानोवर मॉरिस बसलेला असायचा. त्या दोघांनी मिळून बँड काढला. एकाची चित्रं, दुसऱ्याचे सूर. पाच-सहा वर्षांत अमेरिकेतली मोठमोठी सभागृहं भरायला लागली. मग ऐन दौऱ्याच्या मध्यावर एड्विन भांडून निघून गेला, एकट्याचं नाव करायला. दौरा तिथंच मोडला. त्याचं नाव झालं, मग ओसरलं, मग त्यानं शेळ्या पाळल्या. मॉरिस त्याला कधी एका शब्दानं बोलला नाही. आणि आता इतक्या वर्षांनी सगळे पुन्हा एकत्र आले होते, कारण मॉरिसला कंपवात झाला होता. बोटं आखडत चालली होती. हे बँडबाहेर कुणाला माहीत नव्हतं. त्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, वाजवायचं असेल तर आत्ताच वाजवून घ्या.

"काही आठवडे थांबलो तर त्याचे हात थांबणार नाहीत," ग्वेन म्हणाली. "दौरा मोडला की मॉरिस संपला. एड्विनला एवढंच कळतं."

"मॉरिसला हे माहीत आहे का? घशाचं?"

एड्विननं पाटी माझ्यासमोर जवळजवळ आदळलीच. "त्याला सांगायचं नाही. मी त्याला एकदा सोडून गेलोय."

मला त्याचा राग आला आणि तो आवडलाही. मी पुन्हा नाही म्हटलं. त्यानं शांतपणे मफलर गुंडाळला, पाटीवर "गळा माझा आहे" असं लिहून ती शलाकाच्या हातात दिली आणि दोघं निघून गेले. त्याचं म्हणणं खरंच होतं. डॉक्टर बजावू शकते, हात धरून ठेवू शकत नाही.

दुपारभर माझं कामात लक्ष लागेना. शलाका फाइली आपटत होती.

"मावशी, तुम्ही त्या मॉरिसला फोन काहून नाही करत? एक फोन! तो स्वतःच शो कॅन्सल करेल."

"पेशंटनं सांगू नको म्हटलंय."

"पेशंट वेडा आहे, यार!"

"वेड्या पेशंटची गोष्टसुद्धा त्याचीच असते."

हा कायदा आहेच. पण कायद्याआधी मी तो मिरजेत शिकले होते. लहान गावात डॉक्टरचं तोंड सैल असलं तर एकाही घराची अब्रू शाबूत राहत नाही. आजवर हा नियम पाळताना मला कधी जड गेलं नव्हतं. त्या दुपारी मात्र फोन समोर दिसत होता आणि मी हात मांडीखाली दाबून बसल्यासारखी बसले होते.

चारच्या सुमाराला ग्वेनचाच फोन आला. सकाळची चटपटीत बाई ओळखू येऊ नये असा आवाज. "कार्यक्रमाआधी एक डॉक्टर येतोय. हॉटेलांत जाऊन इंजेक्शनं देतो तो. मी एड्विनला अडवू शकत नाही. डॉक्टर, तुम्ही या ना."

"येऊन मी काय करणार?"

"मला माहीत नाही. पण तुम्ही या."

गाडी शलाकानं चालवली, कारण तिला कुणी थांबवूच शकत नव्हतं. कामावरून सुटलेल्या गाड्यांनी हायवे तुंबला होता आणि एका बाजूला रस्त्याचं काम. आमच्या पुढं एक ट्रक रांगत होता. शलाका स्टिअरिंगवर बोटं आपटत होती आणि नागपुरी भाषेत त्या ट्रकचा उद्धार करत होती. मी मनाशी वाक्यं जुळवत होते. घाबरवावं, समजवावं, की हात जोडावेत? सगळी वाक्यं एकदा म्हणून झालेली होती.

सभागृह जुनं, भपकेबाज. पुढच्या दारापाशी रांग लागली होती. पिकल्या केसांचे गृहस्थ, पोटावर ताणलेले त्या बँडचे जुने टी-शर्ट. ग्वेन आम्हाला मागच्या दारानं आत घेऊन गेली.

एड्विन आरशासमोर बसून स्वतःच्या हातानं तोंड रंगवत होता. अर्धा चेहरा पांढरा झाला होता. कॉलेजपासून त्यानं हे काम कधी दुसऱ्याला करू दिलं नव्हतं. खोलीत कोपऱ्यात एक उभा पियानो आणि भिंतीला टेकवून ठेवलेलं ते प्रसिद्ध दार. ते खरंच कपाटाचं दार होतं, मुठीसकट. तो इंजेक्शनवाला अजून आलेला नव्हता. तोही बहुधा त्याच ट्रकमागं अडकला असावा.

"एड्विन, मी तुम्हाला घाबरवायला आले आहे," मी म्हटलं. "आज गायलात तर उद्या तुम्ही हाक मारलेली ओळखू येईल की नाही याचीही खात्री नाही. मॉरिसला असा मित्र हवा आहे का?"

त्यानं ब्रश खाली ठेवला नाही. फक्त आरशातून माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. त्याचा निश्चय झालेला होता. माणूस स्वतःचा आवाज समजून-उमजून टाकून द्यायला निघाला होता आणि मी, आयुष्यभर आवाज सांभाळलेली बाई, पर्स धरून उभी.

तेवढ्यात दारावर टकटक झाली आणि मॉरिस आत आला.

लहानखुरा, स्वेटर घातलेला, पावलं जरा घासत चालणारा. डावा हात स्वस्थ असताना बारीक थरथरत होता. त्यानं सगळ्यांकडे एकेकदा पाहिलं आणि माझ्यापाशी थांबला.

"या माझ्या मैत्रीण," ग्वेन घाईघाईनं म्हणाली.

"मैत्रीण गळ्यात ओळखपत्र घालून हिंडते वाटतं?" मॉरिस म्हणाला. गडबडीत दवाखान्याचा बिल्ला काढायचा राहिला होता. त्यानं वाकून तो वाचला. "डॉक्टर, हा आज गाऊ शकतो का?"

शलाकानं मागून माझा कोट घट्ट पकडला. मी एक शब्द बोलले असते तर सगळं सुटलं असतं. मॉरिसनं कार्यक्रम थांबवला असता, एड्विनचा आवाज वाचला असता. आणि ज्यानं विश्वासानं माझ्यापुढं आ केला होता, त्याचा विश्वास मी मोडला असता.

"त्यांनाच विचारा," मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला.

एड्विननं रुंद हसून अंगठा दाखवला.

"छान," मॉरिस म्हणाला आणि पियानोपाशी जाऊन बसला. त्यांचा एक रिवाज होता. तळघरातल्या दिवसांपासून चालत आलेला. रंगमंचावर जायच्या आधी मॉरिस तीन सूर एकदम दाबायचा आणि एड्विन त्यातला मधला सूर धरायचा. भांडण असो, ताप असो, हे झाल्याशिवाय ते पडद्याबाहेर पाऊल टाकत नसत. मॉरिसनं सूर दाबले आणि वाट पाहत बसला.

एड्विननं माझ्याकडे बघितलं. गायला तर कळणार, नाही गायला तरी कळणार. त्यानं डोळे मिटले आणि अगदी हळू सूर लावला.

दोन सूर निघाले. सुजलेली पट्टी एका वेगानं हलते, रक्त भरलेली दुसऱ्या, आणि एकाच गळ्यातून दोन आवाज येतात, एकमेकांना घासणारे. मी ते दवाखान्यात अनेकदा ऐकलं होतं, पण त्या दिवशी अंगावर काटा आला. क्षणभरच ऐकू आलं. एड्विननं लगेच थांबवून खोकल्याचं नाटक केलं.

मॉरिसनं वळून बघितलं नाही. त्याची पाठ आमच्याकडे होती. मग त्यानं पुन्हा सूर दाबायला हात उचलला आणि हात थरथरायला लागला. बोटं पियानोच्या भलत्याच पट्ट्यांवर पडली. बेसूर, वेडावाकडा आवाज. त्यानं पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यानं मूठ आपटली आणि पियानोचं झाकण लावलं.

"नाही जमत, एड," तो म्हणाला. "आज हात चालत नाहीत. उद्याही चालतील असं वाटत नाही. ग्वेन, बाहेर जाऊन सांग लोकांना. कीबोर्डवाला आजारी आहे म्हणून सांग. काय झालंय तेही सांग. लपवायचा कंटाळा आला मला."

एड्विन उठून उभा राहिला. तोंड उघडलं. मी धावत जाऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "एक शब्दही नाही," मी म्हटलं. तो मॉरिससमोर गुडघ्यांवर बसला, दुखऱ्या गुडघ्यांवर, आणि त्याचे दोन्ही हात धरून रडायला लागला. "रडा," मी म्हटलं, "पण आवाज न करता." असलं काही पेशंटला सांगायची वेळ माझ्यावर पुन्हा आली नाही. पांढरा रंग ओघळून मॉरिसच्या स्वेटरला लागला. आवाज करून रडत होती ती शलाका.

मला मात्र एक गोष्ट खटकली होती. कंपवाताची थरथर हात स्वस्थ असताना येते. हात कामाला लागला की ती बहुधा कमी होते. मॉरिसचं उलटं झालं होतं. वाजवताना हात थडथडत होता आणि आता एड्विनच्या केसांवरून फिरणारा तोच हात अगदी निवांत होता.

बाहेर ग्वेननं जाहीर केलं. गलका उठला. कुणीतरी हुर्यो केली, दोन-चार शिट्ट्या आल्या. मी पाणी आणायला म्हणून बाहेर पडले, तर मॉरिस मागोमाग आला. बोळात उभा राहून तो लोकांचा गलका ऐकत होता.

"डॉक्टर, माझा घसा बघा," तो एकदम म्हणाला आणि त्यानं आ केला.

मला कळेना. पण सवय वाईट. पर्समधली टॉर्च काढून मी बघितलं. "ठणठणीत आहे."

"म्हणजे मी आता तुमचा पेशंट झालो?"

"झालात म्हणा."

"मग पेशंट म्हणून सांगतो, ते कुणाला सांगायचं नाही." तो हसला. "आज हात चांगले होते. या आठवड्यात इतके चांगले नव्हते. आज मी छान वाजवलं असतं."

मी टॉर्च पर्समध्ये ठेवली. "तुम्ही त्यांना खरं का नाही सांगितलं? की घसा बिघडलाय हे ओळखलं म्हणून?"

"मग तो म्हणाला असता, मी ठीक आहे. आणि उद्या गायला असता, परवाही. माझ्यासाठी तो काहीही करेल. फक्त माझं ऐकणार नाही. त्याचा आवाज सतरा वर्षांचा होता तेव्हा मी तो पहिल्यांदा ऐकला. तळघरात. माझ्या हातांना कधी तरी जायचंच आहे, डॉक्टर. त्याच्या गळ्याला का जावं?"

सभागृहात टाळ्या वाजायला लागल्या होत्या. लोकांना आता नीट कळलं होतं आणि ते उभे राहून मॉरिसच्या नावानं टाळ्या वाजवत होते. त्यानं मान वळवून एकदा तिकडं ऐकलं. मग म्हणाला, "पाणी आणायला निघाला होतात ना?"

दौरा तिथंच संपला. एड्विननं मौन इमानेइतबारे पाळलं. रक्त जिरलं, पट्टी सुधारली, आवाज जसाच्या तसा परत आला. मॉरिसचे हात मात्र त्याच हिवाळ्यात गेले. रंगमंचावर तो पुन्हा बसला नाही. एड्विन त्याच्या घराशेजारी राहायला गेला आणि रोज सकाळी त्याला फिरायला न्यायचा. हे मला एड्विननंच सांगितलं, कारण पुढं तो एकट्याचे छोटे कार्यक्रम करत या बाजूला आला की घसा दाखवायला यायचा. त्याचं सगळं आयुष्य मला त्या खुर्चीवर कळलं. बोलायला लागला की थांबायचा नाही.

२००८ मध्ये मॉरिस गेला. त्याच्या मुलीला मी नंतर सगळं कळवलं आणि लिहायची परवानगी घेतली आहे. एड्विनला मराठी येत नाही. मॉरिसला दिलेला शब्द मी इंग्रजीत अजून पाळते आहे.

त्या वर्षी एड्विन आला तेव्हा नेहमीसारखा हसला नाही. खुर्चीत बसला, मफलर काढून मांडीवर घेतला.

"मॉरिसला निरोप देताना मी गायलो," तो म्हणाला. "चर्चमध्ये. कुणाची साथ नाही, नुसता आवाज. आणि गाताना मनात आलं, त्या दिवशी त्याचे हात बिघडले नसते तर आज माझ्याकडे गायला काहीच उरलं नसतं. नशीब म्हणायचं की काय, मला कळत नाही."

मी हातमोजे चढवत होते. शलाकानं माझ्याकडे बघितलं आणि पटकन पाठ फिरवली. तिला मी काही सांगितलं नव्हतं, पण त्या दिवशी मॉरिसचे हात तिनंही पाहिले होते.

"डॉक्टर, तुम्ही तिथं होतात," एड्विन म्हणाला. "तुम्ही त्याचे हात बघितलेत. खरंच इतके वाईट होते का हो?"

त्याच्या डोळ्यांत मला स्पष्ट दिसलं की उत्तर त्याला कुठंतरी माहीत आहे आणि ते माझ्या तोंडून ऐकायची त्याला भीतीही वाटते आहे. मी कापडी पट्टी उचलली.

"जीभ बाहेर काढा," मी म्हटलं.

त्यानं काढली. मी ती घट्ट धरली, म्हणजे त्याला पुन्हा विचारता येऊ नये, आणि म्हटलं, "ई म्हणा."

तो माझ्याकडे बघत ई म्हणाला. सूर स्वच्छ होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. जीभ ओढली की सगळ्यांनाच येतं, असं मी शलाकाला सांगितलं आणि बराच वेळ जीभ सोडली नाही.